समुद्रापलीकडे तीन गुण

हॅम रेडिओची स्पर्धा म्हणजे काय, हे मालवणात कुणाला समजावून सांगणं ही स्वतःच एक स्पर्धा आहे, आणि तीही मी हरतो. आमच्या शेजारी एक तांडेल राहतात. उभा जन्म समुद्रात गेलेला, वायरलेसचा संच बोटीवर वापरलेला. म्हटलं, यांना तरी कळेल.

"म्हणजे रातभर तुमी बोलतास?"

"हो. अठ्ठेचाळीस तास."

"कोणावांगडा?"

"कोणाशीही. सगळ्या जगाशी."

"काय बोलतास?"

"फिफ्टी-नाइन, ट्वेंटी-टू."

"आणि तो काय बोलता?"

"तोही तसंच. त्याचा दुसरा आकडा वेगळा."

"मगे?"

"मग थँक यू. पुढचा."

तांडेल बराच वेळ विडी हातात धरून बसले. मग म्हणाले, "आणि मासळी खंय आसा ता ह्येच्यात कळता काय?"

कळत नाही. काहीच कळत नाही, हीच तर गंमत आहे. दिल्लीच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, परवाना मिळवून, व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन छातीवर मिरवत मी या उद्योगात पडलो, तेव्हा वाटलं होतं की परदेशातल्या माणसांशी चार गप्पा होतील. स्पर्धेत गप्पा मारणारा माणूस म्हणजे तिकिटाच्या रांगेत खिडकीपाशी बटवा उघडून बसलेला इसम. मागचे सगळे ओरडतात. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे 'सीक्यू वर्ल्डवाइड'. ती १९४८ पासून चालू आहे. तिचा बोलण्याचा भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो आणि मोर्सचा नोव्हेंबरच्या. जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क करायचा, दोन आकडे द्यायचे, दोन घ्यायचे आणि लॉगमध्ये लिहायचे. दुसरा आकडा तुमच्या विभागाचा. जगाचे चाळीस विभाग पाडलेत, भारत बाविसाव्यात. पहिला आकडा समोरच्याचा आवाज कसा येतोय त्याचा. एकोणसाठ म्हणजे खणखणीत.

आता या पहिल्या आकड्याबद्दल सांगायलाच हवं. गेल्या कित्येक वर्षांत मला एकोणसाठशिवाय दुसरा आकडा कुणी दिलेला नाही. "तुमचं फिफ्टी-नाइन, पण नाव कळलं नाही, परत सांगा. परत. अजून एकदा. क्षमा करा, फार गोंगाट आहे. हं, फिफ्टी-नाइन!" स्पर्धेच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी ज्या दारातून आत शिरतात, त्या दारातच हे तोरण बांधलेलं आहे. मीही सगळ्यांना एकोणसाठच देतो. न देऊन सांगतो कुणाला?

पण माझं खरं भांडण गुणांशी.

नियम असा: दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी बोललात तर तीन गुण. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी बोललात तर एक. आपल्याच देशात बोललात तर शून्य. वाचायला किती सोपं आणि सरळ! आता नकाशा घ्या आणि मालवणवर बोट ठेवा. समोर अरबी समुद्र. पलीकडे ओमान, म्हणजे आशिया, एक गुण. जरा डावीकडे सरका, जिबुती. आफ्रिका, तीन गुण. अंतर तीन हजारांच्या वर काही शे किलोमीटर. आता पाठ फिरवून जपानकडे बघा. टोकियो इथून साडेसहा हजार किलोमीटरच्याही पुढे. गुण किती? एक. कारण जपान आपल्या खंडात, म्हणजे घरचाच. त्याहून मजा इस्तंबूलची. या स्पर्धेत युरोपातलं तुर्कस्तान आणि आशियातलं तुर्कस्तान वेगळं धरतात. बॉस्फोरसच्या अलीकडे राहणाऱ्याशी मी बोललो तर एक गुण आणि पूल ओलांडून पलीकडे राहायला गेलेल्या त्याच्या मेव्हण्याशी बोललो तर तीन. बरं, एका खंडात एक गुण हा नियम सर्वांना सारखा असता तरी गिळला असता. उत्तर अमेरिकेतल्या देशांना आपापसात बोलण्याचे दोन गुण मिळतात. का, तर नियमात तसा अपवाद आहे. ही स्पर्धा अमेरिकेतल्या मासिकाने सुरू केली, हे मी फक्त माहितीसाठी सांगतोय.

हे सगळं मी एकदा जेवताना घरी मांडलं. पोटतिडकीने. ताटातल्या सोलकढीत बोट बुडवून टेबलावर खंड काढून दाखवले. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जपानवालो लांब, तरी एक. आफ्रिकावालो जवळ, तरी तीन. मगे तुमी आफ्रिकावाल्यांवांगडाच बोला. नायतरी घरात कोणाशी बोलतास?" आणि फडक्याने आफ्रिका पुसून टाकली.

दुसरं गाऱ्हाणं वॅटचं. आमच्या परवान्यावर ५० वॅटची मर्यादा. वरच्या, म्हणजे जनरल ग्रेडवाल्यांना ४००. स्पर्धेत गट तीन: ५ वॅटपर्यंत, १०० वॅटपर्यंत आणि १५०० वॅटपर्यंत. म्हणजे माझ्या पन्नासाने शंभरवाल्यांशी झुंजायचं आणि भारतातल्या सगळ्यात मोठ्या चारशेने पंधराशेवाल्यांशी. यावर मी वर्षभर खूप भाषणं केली. मग एका जाणकाराने हिशेब करून दाखवला की पन्नास आणि शंभर वॅटमधला फरक समोरच्याच्या मीटरवर जेमतेम अर्धा काटा. तुमचं कुणाला ऐकू येत नाही त्याचं कारण वॅट नव्हे, तुमची ती तार. तेव्हापासून मी त्या जाणकाराला टाळतो.

तार म्हणजे माझी अँटेना. श्रीमंत देशांतले हौशी लोक तीस-तीस मीटरच्या टॉवरवर फिरत्या 'यागी' अँटेना बसवतात. माझी वीस मीटर लांबीची तांब्याची तार दोन माडांच्या मध्ये. ती बांधायला पाडेली लागतो. आमचा पाडेली तार खांद्यावर टाकून सरसर वर गेला आणि शेंड्यावरून ओरडला, "कपडे वाळत घालूक एवढ्या वर कित्याक?" मी खालून 'रेडिओ' म्हणून ओरडलो. त्याला 'काय व्हयो' असं ऐकू आलं असावं, कारण त्याने चार नारळ खाली टाकले.

आणि तिसरं गाऱ्हाणं पंचांगाचं. इंग्लंडमधल्या जेफ वॉट्स नावाच्या गृहस्थाने १९६४ साली बेटांवरून बोलण्याचा एक उपक्रम सुरू केला. त्याची वार्षिक स्पर्धा असते, तिथे दुसऱ्या बेटाशी बोललं की थेट पंधरा गुण. आता आमच्या दारासमोर बेट आहे, त्यावर सिंधुदुर्ग किल्ला आहे, शिवाजी महाराजांनी त्याचा पाया १६६४ साली घातला, म्हणजे वॉट्ससाहेबांना बेटाचं महत्त्व कळण्याच्या बरोबर तीनशे वर्षं आधी. स्पर्धा कधी? जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी. इंग्लंडात तेव्हा ऊन पडतं, लोक तंबू घेऊन बेटांवर जातात. मालवणात जुलै म्हणजे काय, हे मालवणी वाचकाला सांगायला नको. सिंधुदुर्गाची होडीवाहतूक बंद असते. किल्ला त्यांच्या व्याख्येत बसतो का, पुरातत्त्व खातं परवानगी देईल का, हे पुढचे वाद. मी धक्क्यावर छत्री उलटी होईपर्यंत उभा राहून परत येतो.

नियम सर्वांना सारखा हे खरं, पण तो लिहिणारा आपल्या खिडकीतून बाहेर बघत लिहितो. हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते चारचौघांत बोलून दाखवायचो. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

आधी २०१९ चा ऑक्टोबर. त्या वर्षी स्पर्धा २६ आणि २७ तारखेला आली आणि २७ ला लक्ष्मीपूजन. त्यात 'क्यार' चक्रीवादळ. त्या आठवड्यात अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र वाढत गेलं आणि बघता बघता २००७ च्या 'गोनू'नंतरचं या समुद्रातलं पहिलं सुपर सायक्लोन झालं. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला समुद्र आत येत होता, बोटी मिळेल त्या बंदरात शिरल्या होत्या. वर सूर्यही रुसलेला. सौरडागांचं चक्र तळाला गेलं होतं, वरचे बँड मेल्यासारखे पडले होते. थोडक्यात, आकाश, समुद्र आणि पंचांग तिघांनीही मला 'बस खाली' म्हटलं होतं. मी बसलो. रेडिओपुढे.

शनिवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू झाली, कारण जगाचं घड्याळ तेव्हा शून्यावर येतं. पहिले काही तास माझ्या हेडफोनमध्ये एकच केंद्र होतं: शेजारपाजारचे आकाशकंदील. पूर्वी कंदिलात साधा दिवा असे. आता एलईडीच्या माळा आणि त्यांचे दहा-वीस रुपयांचे चार्जर. प्रत्येक चार्जर एक लहानसं बेकायदा प्रक्षेपण केंद्र असतं. चाळीस मीटरच्या बँडवर नुसतं चर्रर्र. मग वीज गेली. सगळ्या आळीने हळहळ व्यक्त केली. मी बॅटरीवर होतो, मला स्वर्ग दिसला. गोंगाट बंद, आणि त्या शांततेत युरोप उगवला. एक बल्गेरिया, एक सर्बिया. तीन-तीन गुण! एवढ्यात माडांनी झोके घ्यायला सुरुवात केली. माड इकडे वाकला की तार सैल, तिकडे वाकला की ताणलेली. माझा आवाज सोफियात पाळण्यातून येत असणार.

रात्री आई वाती वळत बाजूला येऊन बसली. हेडफोन ओले झाले होते म्हणून मी स्पीकर लावला होता. एक जण मला तिसऱ्यांदा आपलं नाव सांगत होता आणि मी तिसऱ्यांदा 'परत सांगा' म्हणत होतो.

"इटालिया म्हणता मरे तो," आई म्हणाली. "तुझे कान खंय गेले?"

इटलीच होता. मी लिहून घेतलं आणि मग घाम फुटला. माझा गट 'एकटा चालक, विनासहाय्य'. नियम स्पष्ट आहे: बोलणं, नोंद करणं, केंद्र शोधणं, सगळं एकाच माणसाने करायचं. आईने एक अक्षर ओळखलं म्हणजे मी एकटा राहिलो का? की आमचं आता 'अनेक चालक' केंद्र झालं? नियमपुस्तिका तीनदा वाचली. त्यात मित्र आहेत, इंटरनेट आहे, क्लब आहे. आई नाही. "तू आत जा," म्हटलं. "हयच बसतंय," ती म्हणाली, "आत काळोख आसा." ती बसली. मी स्पीकर हळू केला. तिने तेवढ्यात एक रुमानिया ओळखला, पण तोंडावर हात धरून. त्याची नोंद मी विवेकाला स्मरून स्वतः चुकीची केली.

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या भाच्याचा मेसेज आला: 'मामा, वीस मीटरवर मॉरिशस चालू आहे, धावा.' सोबत फ्रीक्वेन्सी. मॉरिशस! आफ्रिका. तीन गुण, शिवाय नवा देश, शिवाय नवा विभाग, एकोणचाळीस. एकूण गुणांना देश आणि विभागांच्या संख्येने गुणतात, म्हणजे गुणाकारातच वाढ. मी बँड बदलला, मॉरिशसभोवती निम्मा युरोप ओरडत होता. मीही ओरडलो. ओरडत राहिलो. लक्ष्मीपूजनाची आरती एका कानात, मॉरिशस दुसऱ्या कानात. अखेर तिकडून 'व्हिक्टर युनिफॉर्म...' असं आलं. मी उडी मारली, नंबर दिला, 'थँक यू' म्हटलं. घरातल्यांनी आरती संपली म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या मी माझ्या समजून घेतल्या.

मग विवेक जागा झाला. भाच्याने जागा सांगितली, म्हणजे मदत झाली. विनासहाय्य गटात हे चालत नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण नियमांच्या अन्यायावर वर्षभर भाषणं देणाऱ्याला नियम मोडणं शोभत नाही. लॉग पाठवताना मी बाणेदारपणे 'सहाय्यासह' हा गट निवडला. त्या गटात लोक इंटरनेटवरून दर सेकंदाला जगभरची यादी घेत असतात. माझ्याकडे यादी म्हणजे भाचा. आळीत मात्र मी 'मॉरिशसशी बोललो' हे सांगत फिरलो. तांडेलांनी विचारलं, "थंय वारो कसो आसा?" मी विचारायचं विसरलो होतो.

या स्पर्धेत एक गोष्ट निर्विवाद चांगली आहे: सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतात. तुम्ही लिहिलं, पण समोरच्याने तुम्हाला लिहिलं नसेल तर ती नोंद जाते, वर तिच्या गुणांच्या दुप्पट दंड. काही महिन्यांनी माझा तपासणी अहवाल आला. मॉरिशस: तुमची नोंद नाही. 'व्हिक्टर युनिफॉर्म' म्हणून त्याने ज्याला हाक मारली होती, तो भारतातलाच दुसरा कुणीतरी होता. म्हणजे तीन गुण गेले, दंडाचे सहा गेले, देश गेला, विभाग गेला, आणि ज्या मदतीपायी मी गट बदलला त्या मदतीतून काहीच मिळालं नव्हतं. इटली मात्र बरोबर होता. आईचा.

रुमानियाही गेला, तो मात्र माझ्या विवेकामुळे.

बायकोला यातली एकच स्पर्धा न्याय्य वाटते. जपानच्या संघटनेची 'ऑल एशियन'. तिथे दुसरा आकडा म्हणून स्वतःचं वय सांगायचं असतं आणि बायकांना वयाऐवजी शून्य-शून्य सांगायची मुभा दिलेली आहे. "बघा," ती म्हणाली, "नियम करणाऱ्याक अक्कल आसली की असा होता."

आता माझ्या त्या आवडत्या वाक्याचं काय झालं ते. जिल्ह्यातल्या आम्ही सात-आठ हॅमनी ठरवलं की आपल्यात एक छोटी मैत्रीपूर्ण स्पर्धा घ्यायची, दोन मीटरच्या बँडवर, रविवारच्या दुपारी. नियम कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ओरडणाऱ्याला लेखणी दिली की तो गप्प होतो, हा त्यांचा हिशेब. पण मी गप्प होणारा नव्हतो. दोन मीटरच्या लहरी सरळ रेषेत जातात, उंचावर असेल तो राजा. म्हणजे आंबोलीचा. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास आणि मी अक्षरशः समुद्रसपाटीवर. तेव्हा मी पहिलाच नियम केला: शंभर मीटरपेक्षा उंच असलेल्याचे गुण निम्मे. किनाऱ्यावर असलेल्याला खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर गंजतात म्हणून दुप्पट गुण. हे वाचून सावंतवाडीवाला म्हणाला, मी डोंगराआड, मला डोंगराचा भत्ता. कुडाळवाला म्हणाला, माझ्या घरावरून विजेची मोठी लाइन जाते, तिचा भत्ता. वेंगुर्ल्याच्या सदस्याने वयाचा मागितला. आंबोलीवाला एवढंच म्हणाला, "धुक्याचो काय देतास काय?" नियमावली वाढत वाढत लॉगपेक्षा मोठी झाली. बैठक स्पर्धेपेक्षा लांबली आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीवर संपली.

शेवटी मला वाटलं, जगाच्या स्पर्धेतला एक तरी नियम घ्यावा, म्हणजे वजन येईल. मी लिहिलं: आपल्याच तालुक्यातल्या केंद्राशी बोललात तर शून्य गुण.

रविवारी दुपारी माझ्या हातातल्या संचावर मला सगळ्यात स्पष्ट कोण ऐकू आलं असेल? आचऱ्याचा एक, कट्ट्याचा एक आणि देवबागेतला एक. तिघेही मालवण तालुका. सावंतवाडीवाला खरंच डोंगराआड होता. कुडाळवाल्याचा आवाज येत होता, पण तो त्याच्या विजेच्या लाइनचाच. आंबोलीवाल्याला मी हाका मारत होतो, तेव्हा तो वेंगुर्ल्याशी बोलत होता, मग कुडाळशी, मग गोव्यातल्या कुणाशी तरी. तो मिळेपर्यंत वेळ संपली. माझे गुण शून्य. किनाऱ्याचा जादा भत्ता धरून शून्य, कारण शून्याची दुप्पटही शून्यच होते, हे नियम लिहिताना सुचलं नव्हतं. आंबोलीवाला निम्मे गुण कापूनही पहिला आला. बक्षीस म्हणून ठेवलेला कोकमाचा डबा माझ्याच घरचा होता.

हे सगळं भांडण कायमचं मिटवायला जगात एक उपाय काढलेला आहे. १९९० साली सिएटलमध्ये पहिल्यांदा भरलेली आणि काही वर्षांच्या अंतराने भरणारी 'वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप'. अलीकडे ती जर्मनीच्या विटेनबर्गला २०१८ मध्ये आणि इटलीच्या बोलोन्याला २०२३ मध्ये झाली. दोघादोघांचे संघ, सगळ्यांना सारख्या उंचीवर सारख्याच अँटेना, सारखे तंबू, सगळ्यांना १०० वॅट, एकाच परिसरातल्या जागा, आणि प्रत्येक तंबूत एक पंच. कॉलसाइनही ऐनवेळी देतात, म्हणजे कोणी ओळखीच्यांकडून गुण लाटू नये. यात खंड नाही, मान्सून नाही, माड नाही, शेजारचा कंदील नाही, आई नाही. उरतो फक्त माणूस आणि त्याचे कान.

त्याहून भयंकर स्पर्धा मी ऐकलेली नाही. तिथे हरलो तर मी दोष कुणाला देणार? मला माझे तीन गुणांचे आफ्रिकावालेच बरे. 'क्यार'सुद्धा इथून ओमानच्या दिशेने निघालं. इतकं मोठं वादळ, आणि निघालं कुठे, तर एका गुणाच्या देशाकडे.

तेव्हा आळीतल्या मंडळींना एवढीच विनंती: ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी दिवाळी आली तर आकाशकंदील जरूर लावा, पण आत साधा दिवा घाला. चार्जरचे पैसे मी देतो.